‘लीव्ह’ला अरबीत काय म्हणायचं?

मागच्या वेळी आखातातल्या नोकरीच्या कागदपत्रांवर लिहिलं होतं आणि शेवटी सहज म्हणून टाकलं की अरबी शब्दांबद्दल काही अडलं तर विचारा, तर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. आणि गंमत बघा, त्यातली बरीचशी एकाच शब्दाच्या मागे लागलीयेत, इंग्रजीतला लीव्ह. कुणाचा कंटेनर लीव्ह झालाय, कुणाला लीव्ह पाहिजे, कुणाची ट्रेन लेफ्ट. म्हणून यावेळी सगळं याच्यावरच. आधीच सांगतो, मी काही अरबीचा पंडित नाही, बारा वर्षं कुवेतला एका ऑफिसात कागद टाईप केले, इजिप्शियन हेडक्लार्कच्या शिव्या खाल्ल्या, आणि त्या शिव्यांतून जे डोक्यात बसलं ते आता नाशकात बसून तुम्हाला सांगतोय.

प्रश्न : आमची पिंपळगाव बसवंतला द्राक्षाची बाग आहे, यंदा दुबईच्या एका व्यापाऱ्याला माल दिला. कंटेनर बोटीवर चढून निघाल्यावर मुलाने फोनमधल्या ट्रान्सलेटरवर इंग्रजीत टाईप करून अरबीत मेसेज केला की कंटेनर लेफ्ट ॲट पोर्ट. पाच मिनिटात त्याचा फोन, एकदम घाबरलेला, कंटेनर का सोडून दिला म्हणे. ॲप चुकलं का?

नाही हो दादा, ॲप बिचारं बरोबर होतं, चुकलं ते ‘ॲट’. आपण मराठीत विचार करतो, ‘पोर्टवरून सुटला’, मग त्या ‘वरून’साठी काहीतरी घालायला पाहिजे म्हणून हात आपोआप ॲट टाईप करतो. पण इंग्रजीत कंटेनर लेफ्ट पोर्ट म्हणजे निघाला आणि कंटेनर लेफ्ट ॲट पोर्ट म्हणजे पोर्टवरच टाकून दिलेला. ॲपने त्याचं ‘तुरिकत अल-हाविया फी अल-मीनाअ’ असं काहीतरी केलं असणार, म्हणजे कंटेनर बंदरात सोडण्यात आला. आता द्राक्षाचा रीफर कंटेनर, आत जेमतेम शून्याच्या आसपास टेंपरेचर, आणि तो बंदरात बेवारस पडलाय असं वाचल्यावर कुठल्या व्यापाऱ्याचा जीव थाऱ्यावर राहील?

तुम्हाला पाहिजे होतं ते ‘ग़ादरत अल-हाविया अल-मीनाअ’. यात तीन गोष्टी बघून ठेवा. क्रियापद आधी येतं. हाविया म्हणजे कंटेनर, तो अरबीत बाई आहे, म्हणून शेवटी ‘त’ लागला, पुरुष असता तर नुसतं ‘ग़ादरा’. आणि तिसरी, जी आपल्याला सगळ्यात जास्त नडते, बंदराच्या आधी ‘हून’, ‘वरून’ असलं काही लागत नाही, बंदर थेट कर्म म्हणून येतं, आपण ‘बंदर सोडलं’ म्हणतो ना तसं.

आता खरा मुद्दा, तो सगळ्यांसाठीच आहे. इंग्रजीतला लीव्ह हा एकच शब्द डझनभर कामं करतो, म्हणून ‘लीव्हला अरबीत काय’ हा प्रश्नच उत्तर द्यायच्या लायकीचा नाही. पण तेच वाक्य आधी मराठीत म्हणून बघा. माणूस निघाला, गाडी सुटली, नोकरी सोडली, छत्री राहिली, निरोप ठेवला, बायकोला टाकलं, दोन पेट्या उरल्या. आपल्याकडे सगळे वेगळे आहेत की! अरबीतही एका शब्दावर भागत नाही. म्हणजे अरबीत जायचा रस्ता इंग्रजीवरून नाही, मराठीवरून जवळ पडतो. आणि एवढं करूनही गोंधळ झाला तर स्वतःला एकच विचारायचं, मागे काय राहिलं? मागे नुसती जागा राहिली असेल तर बहुतेक ग़ादरा. मागे वस्तू, माणूस, काम असं काही राहिलं असेल, ज्याचं पुढे काहीतरी होणार आहे, तर तरका. तरका जागेला चालतच नाही असं नाही, पण बातमीत, विमानतळावर, शिपिंगच्या कागदावर ग़ादराच. कुठल्याही अरब देशाच्या एअरपोर्टवर डिपार्चरच्या बोर्डावर ‘मुग़ादरा’ लिहिलेलं असतं, त्याच शब्दाचं नाम आहे ते. आणि अरायव्हलला ‘वुसूल’. हो, आपला वसूल तोच, अरबीत वुसूल म्हणजे पोचणं, आपल्याकडे तेवढा पैसा पोचला की झालं.

त्या ‘ग़’चं मात्र सांभाळा. तो आपला ग नाही, गुळण्या करताना घशात जो घरघर आवाज येतो तिथून काढायचा. आणि काना खाऊ नका! ‘ग़ादरा’ म्हणजे निघाला, आणि काना गिळून ‘ग़दरा’ म्हणालात तर दगा दिला. आपला गद्दार तिथूनच आलाय, १८५७ ला लोक गदर म्हणायचे तोही तिथलाच. लिहितानाही फक्त एका अलिफचा फरक, एक उभी रेघ. तुमच्या मुलाने ती रेघ विसरली असती तर मेसेज झाला असता की कंटेनरने बंदराला दगा दिला, त्यापेक्षा बेवारस बरा.

दोन्ही शब्द एकाच मुळातून का, तर सोडून जाणं आणि दगा देणं यात अंतर किती, तुम्हीच सांगा. पण त्याच मुळाचा मला सगळ्यात आवडणारा शब्द वेगळाच आहे, ‘ग़दीर’. पूर किंवा ओढ्याचं पाणी येऊन गेलं की खोलगट जागी जे डबकं मागे राहतं ते ग़दीर. जुने अरबी कोशकार सांगतात की पुराने मागे सोडलेलं म्हणून हे नाव. वाळवंटातल्या माणसाला ते डबकं म्हणजे सोनं, आपल्याला कटकट. गोदावरीला पूर आला की नाशिककर आधी बघतो दुतोंड्या मारुतीच्या कुठपर्यंत पाणी आलं, मग पाणी सराफ बाजारात शिरतं, भांडी बाजारात शिरतं, आणि दुसऱ्या दिवशी उतरल्यावर गल्लीगल्लीत जे गढूळ पाणी साचून राहतं आणि दुकानदार बादल्यांनी उपसत बसतात, तो ग़दीर. एवढं एक चित्र डोक्यात ठेवा, ग़ादरा कधी विसरणार नाही.

प्रश्न : मी सिडकोची, सध्या सौदीला नर्स आहे. सुट्टीच्या अर्जावर लीव्ह म्हणून मी डिक्शनरीत बघून मुग़ादरा लिहिलं. तर ऑफिसातले विचारायला लागले, तू नोकरी सोडून चाललीस का? मला फक्त महिनाभर घरी यायचंय हो काका!

अहो ताई, तुम्ही अर्जावर लिहिलंत ‘प्रस्थान’. सुट्टी कुठे लिहिलीत?

सुट्टीची लीव्ह म्हणजे ‘इजाज़ा’. वर्षाची असेल तर ‘इजाज़ा सनविया’, आजारपणाची ‘इजाज़ा मरदिया’, बाळंतपणाची वेगळी. इजाज़ा शब्द ओळखीचा वाटला ना? इजाजत! अरबी माणूस सुट्टी मागतो तेव्हा शब्दशः परवानगीच मागतो. आणि आपण? आपण रजा मागतो, ती रजाही अरबीच, मूळ ‘रिदा’, फारसीतून येताना द चा ज झाला, अर्थ राजीखुशी, संमती. ‘तुमची रजा असेल तर निघतो’ असं जुनी माणसं म्हणायची त्यात तो मूळ अर्थ अजून जिवंत आहे. आता इंग्रजी बघा, तिकडे तर आणखी मजा. सुट्टीवाला लीव्ह आणि निघून जाण्याचा लीव्ह हे मुळात एक शब्दच नाहीत. सुट्टीवाल्याचा अर्थ जुन्या इंग्रजीत परवानगी असा होता, आणि निघून जाण्यावाल्याचा मूळ अर्थ मागे राहू देणं, शिल्लक ठेवणं. दोघांचा उच्चार घासून घासून सारखा झाला आणि आपण फसलो. म्हणजे मराठी रजा, अरबी इजाज़ा, इंग्रजी लीव्ह, तिन्हीकडे सुट्टी म्हणजे वरच्याची परवानगी! तीन ठिकाणचे साहेब सारखेच, असं आमचा हेडक्लार्कही म्हणायचा, पण हळू आवाजात.

त्याच रजेच्या मुळावरून आपला राजीनामा आलाय, राजी म्हणजे कबूल आणि नामा म्हणजे कागद. मराठीत तो नोकरी सोडण्याचा कागद झाला, हिंदी-उर्दूवाल्याला मात्र राजीनामा म्हणजे भांडण मिटवल्याचा समझोता. म्हणून तिथल्या हिंदी बोलणाऱ्या सहकाऱ्याला ‘मैं राजीनामा दे रही हूँ’ म्हणालात तर तो विचारेल, भांडण कुणाशी झालं? आणि अरबाला यातलं काहीच कळणार नाही, कारण अरबीत नोकरीचा राजीनामा म्हणजे ‘इस्तिकाला’. स्वतःहून मोकळं करा म्हणून मागितलं तर इस्तिकाला, आणि पुढचा ‘इस्त’ काढून नुसतं ‘इकाला’ राहिलं तर मालकाने काढलं. हा फरक अनुभवाच्या कागदावर फार महत्त्वाचा आहे, नीट वाचून मगच सही करा.

आणि सौदीत असाल तर तिसरा शब्द तुमच्या रोजच्या ओळखीचा असेलच, ‘खुरूज’. बाहेर पडणं. ‘खुरूज व औदा’ म्हणजे बाहेर जाऊन परत येण्याचा व्हिसा, सुट्टीला तो पाहिजे. ‘खुरूज निहाई’ म्हणजे कायमचं बाहेर, फायनल एक्झिट. तुम्हाला पहिला पाहिजे, चुकूनही दुसऱ्यावर टिक करू नका, ते निस्तरायला घाम फुटतो. आपला खर्च त्याच मुळाचा, खिशातून बाहेर पडतो म्हणून, आणि कोर्टात अर्ज खारीज होतो तोही, बाहेर काढलेला.

तर अर्जावर लिहा इजाज़ा सनविया, किती दिवस ते लिहा, आणि या घरी. मिसळ खाऊन जा.

प्रश्न : सातपूरच्या कंपनीत टाइमकीपर होतो, आता कतारला त्याच कामासाठी निवड झालीये. तिथल्या मशीनवर आत येण्याला आणि बाहेर जाण्याला काय लिहिलेलं असेल? तिथेही मुग़ादरा का?

नाही, ऑफिसातून घरी जाण्याला सहसा ‘इन्सिराफ’. हजेरीच्या रजिस्टरला ‘हुदूर व इन्सिराफ’ म्हणतात. हुदूर म्हणजे हजर असणं, आपला हजर तिथलाच, शाळेत बाई नाव घ्यायच्या आणि आपण ‘हजर’ ओरडायचो ना, तो. इजिप्तचा माणूस साहेबाने काम सांगितलं की आजही ‘हादिर’ म्हणतो, म्हणजे जी साहेब.

इन्सिराफ म्हणजे तोंड फिरवून निघणं, काम झालं, पांगा. शाळा सुटली, मीटिंग संपली, ड्यूटी संपली, त्याला हा. मूळ स-र-फ, फिरवणं. पैसे फिरवून देणारा, एका नाण्याचं दुसरं करून देणारा तो ‘सर्राफ’, आपला सराफ! तिकडे मनी एक्स्चेंजच्या दुकानावर ‘सिराफा’ लिहिलेलं दिसेल आणि एटीएमला तर ‘सर्राफ आली’ म्हणतात, आली म्हणजे यांत्रिक. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं आपल्या सराफ बाजारातल्याच कुणीतरी मशीन टाकलंय. आणि त्या सराफाकडे जे मिळतं ते सोनं, ‘ज़हब’, आणि गेला या साध्या क्रियापदाला अरबीत ‘ज़हबा’, स्वरचिन्हं न घालता लिहिलं की दोन्ही तंतोतंत सारखं दिसतं. सोनं आणि गेलं एकाच स्पेलिंगने! लग्नसराईत आपल्यालाही तसंच वाटतं.

प्रश्न : मालेगावला उर्दू मिडियमला शिकले. आमच्याकडे ‘तर्क करना’ म्हणजे सोडून देणं. मराठीच्या बाई म्हणतात तर्क म्हणजे अंदाज. एकच शब्द आहे का?

नाही, नुसती नावं सारखी. मराठीतला तर्क संस्कृत, तुमचा तर्क अरबी, वर सांगितलेल्या तरकाचं नाम. सिगारेट सोडली, नोकरी सोडली, वतन सोडलं, तिथे तो शोभतो. १९२० च्या असहकार चळवळीला उर्दूत ‘तर्के-मवालात’ म्हणायचे, म्हणजे संबंध सोडून देणं. आणि माणूस मेल्यावर मागे जे सोडून जातो, घर, जमीन, भांडी, त्याला अरबीत ‘तरिका’ म्हणतात, जो वाटून घेताना वारस भांडतात. वारसाने मिळालेल्याला ‘मीरास’, मराठीत मिरासदार त्याच्यावरून. बाईंना सांगा दोघी बरोबर आहात.

प्रश्न : नाशिकरोडला रोज पंचवटी पकडायला पळणारा एक नोकरदार. माझी ट्रेन सुटली हे अरबीत कसं सांगू? ऑफिसात आता एक जॉर्डनचा साहेब आलाय.

आधी सांगा ट्रेन सुटली म्हणजे काय, गाडी वेळेवर निघाली का तुमची चुकली? कारण आपण दोन्हीला सुटली म्हणतो आणि साहेबासमोर दोन्हीत फार फरक आहे.

गाडी निघाली असेल तर ‘ग़ादरा अल-कितार’. तुमची चुकली असेल तर ‘फातनी अल-कितार’. याची रचना बघा, इंग्रजीत ‘मी’ ट्रेन मिस केली, चूक माझी. अरबीत गाडीने मला हुकवलं, ती माझ्या हातून निसटून गेली, कर्ती गाडी! आपल्या ‘गाडी चुकली’सारखंच, गाडी चुकली, मी नाही चुकलो. उशिरा येणाऱ्या माणसाला याहून सोयीचं व्याकरण मिळणार नाही.

ते ‘फात’ म्हणजे निसटणं, निघून जाणं, आणि त्याचं नाम ‘फौत’. निफाड-दिंडोरीकडच्या वाचकांना सांगायला नको, सातबाऱ्यावर ‘फौत’ लागलं की काय ते, मग वारसनोंद, मग तलाठ्याकडे चकरा. अरबीतलं साधं निसटून जाणं आपल्या महसूल खात्यात मरण होऊन बसलंय. पण म्हणून अरबाशी बोलताना मेलेल्या माणसाला फात म्हणू नका, तिकडे त्याला गाडी चुकल्याचाच वास येतो.

हेच विचारणारं आणखी एक पत्र इंदिरानगरहून आहे, जुन्या मालकाचे वडील गेले, अरबीत दोन ओळी लिहायच्यात, ‘ते आपल्याला सोडून गेले’ कसं लिहू. इथे ग़ादराने भागतं, पण त्यापेक्षा ‘रहला’ घ्या. रहला म्हणजे उंटावर सामान लादून मुक्काम हलवणं, आणि त्यावरून जग सोडणं, ‘अर-राहिल’ म्हणजे कैलासवासी. याच शब्दावरून प्रवास म्हणजे ‘रिहला’, आणि विमानाच्या तिकिटावर फ्लाइट नंबरच्या जागीही रिहलाच लिहिलेलं असतं, तेव्हा घाबरू नका. नुसती बातमी द्यायची असेल तर ‘तुवुफ्फिया’. हे रूप कर्मणी आहे, म्हणजे माणूस स्वतः काही करत नाही, त्याला पूर्ण करून परत घेतलं जातं, आपल्या ‘देवाज्ञा झाली’त कसा माणूस बाजूलाच राहतो, तसं. वफात त्यातूनच आलं.

प्रश्न : ‘टू बॉक्सेस लेफ्ट’ म्हणजे दोन पेट्या निघाल्या का डाव्या बाजूला आहेत? ओझरहून, गोडाऊन सांभाळणारा.

दोन्ही नाही, उरल्या. अरबीत ‘बाकी’. मराठीत पण बाकी. मध्ये इंग्रजी कशाला घालता? डावीकडे म्हणायचं असेल तर ‘यसार’.

प्रश्न : मिस्टर दुबईला आहेत, मी देवळालीला. फोनवर काही गंभीर बोलायला लागलं की म्हणतात ‘खल्ली वल्ली’. हे मला सोडून द्यायची भाषा आहे का?

नाही ताई, अजिबात नाही, जीव भांड्यात पडू द्या. ‘खल्ली’ म्हणजे राहू दे, सोड, आणि ‘वल्ली’ म्हणजे तिकडे जाऊ दे, पाठ फिरवू दे. दोन्ही मिळून ‘सोड ना यार, जाऊ दे’. आखातात मल्याळी, पाकिस्तानी, मराठी, फिलिपिनो सगळे हे एकच वाक्य बोलतात, बॉस ओरडला खल्ली वल्ली, ओव्हरटाईम बुडाला खल्ली वल्ली. अरबी येत नसलेला माणूसही पहिल्या आठवड्यात हे शिकतो, मीही ‘शुक्रन’च्या आधी हेच शिकलो.

बायकोला सोडणं याला पूर्ण वेगळा शब्द आहे, ‘तल्लका’, तलाक त्याचाच. आणि घर, गाव, माणसं मागे टाकून निघणं त्याला ‘हजरा’, ज्यातून हिजरत आली, इसवी सन ६२२ मधली मक्केहून मदिनेची, जिथून हिजरी सन मोजतात. (वरचा हजर वेगळा बरं का, ऐकायला सारखे, अरबीत अक्षरंच निराळी.)

तुमच्या मिस्टरांना लागू होणारा शब्द मला विचाराल तर ‘ग़ुर्बा’ आहे. आपलं गाव सोडून परक्या मुलखात राहणं, त्यातलं ते तुटलेपण. अशा माणसाला अरबीत ‘ग़रीब’ म्हणतात, म्हणजे परका, मुलखावेगळा. आपल्याकडे तो शब्द येईपर्यंत पैसे नसलेला झाला, आणि खरंच, घर सोडलेल्या माणसाकडे आणखी असतं काय. पण हे झालं तुमच्यामाझ्यात. गंभीर विषयावर खल्ली वल्ली म्हणाले की तुम्ही म्हणा ‘ला, मा बखल्ली’, नाही, मी नाही सोडणार. व्याकरण थोडं बेरूत-दमास्कसकडचं आहे, पण दुबईत सगळे समजतात, मिस्टर तर नक्की समजतील.

प्रश्न : मी पंचवटीतली, वय ७८. नातू मस्कतला असतो, फोन ठेवताना ‘चलो बाय, जातो’ म्हणतो. आमच्यात जातो म्हणत नाहीत, येतो म्हणावं. अरब लोक निघताना काय म्हणतात? तेही जातो म्हणतात का?

आजी नमस्कार. नाही, तेही नाही म्हणत. इतके शब्द वर सांगितले, ग़ादरा, तरका, खरजा, रहला, ज़हबा, पण दारात उभं राहून निरोप घेताना तिकडेही यातलं फारसं कुणी काढत नाही. आपल्यासारखाच कान आहे त्यांचा.

सीरिया-लेबनानकडचा माणूस निघताना म्हणतो ‘ब-खातरक’, समोर बाई असेल तर ‘ब-खातरिक’. खातिर म्हणजे मन, मर्जी, आपली खातर आणि खातिरदारी तिथलीच. म्हणजे ‘तुमच्या मर्जीने’, पुन्हा आपलं रजा असावी हेच. आणि घरात राहणारा उत्तर देतो ‘मअ अस-सलामा’, सुखरूप जा. बऱ्याच आपल्या लोकांना वाटतं मअ अस-सलामा म्हणजे बाय, आणि निघणारा स्वतःच ते म्हणून मोकळा होतो, आता चालतंही ते, पण मुळात ते मागे राहणाऱ्याने म्हणायचं.

मस्कतकडे ‘फी अमानिल्लाह’ खूप ऐकू येतं, देवाच्या सुरक्षेत. त्या अमानचीच अमानत, आणि अमानतची आपण उलटसुलट करून अनामत केली, ही गंमत तुम्हाला आवडेल, कारण वीजमीटरला जी भरतो ती अनामत आणि नातवाचा निरोप एकाच घरचे. आणि त्याहून जुनं, जरा वजनदार, ‘अस्तौदिउकुम अल्लाह’. याचा अर्थ सरळ ‘तुम्हाला देवाकडे ठेव म्हणून ठेवतो’. ठेव म्हणजे अक्षरशः ठेव हो, अरबी बँकेत डिपॉझिटला जो शब्द आहे ‘वदीआ’ तो याच मुळाचा, आणि अलविदाही यातलाच. निघणारा माणूस मागच्यांना टाकून जात नाही, ठेवून जातो, म्हणजे परत येऊन मागायचा हक्क राहतो.

तर नातवाला सांगा, तिकडच्या मित्रांना फी अमानिल्लाह म्हण, आणि मला फोन ठेवताना येतो म्हण. नाही म्हणाला तर फोन ठेवू देऊ नका.